आईचं नाव लावायचंय, की वडिलांचं काढायचंय?

वाचकाचं पत्र (थोडक्यात) : मी बत्तीस वर्षांचा आहे. मूळ गाव इचलकरंजीजवळ, आयटीआय करून चाकणच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. मी चार वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. घटस्फोट वगैरे झाला नाही, त्यांनी दुसरीकडे संसार थाटला. आईने खानावळ चालवून मला वाढवलं. आता जर्मनीतल्या नोकरीसाठी कागदपत्रं जमवतोय आणि प्रत्येक अर्जावर त्या माणसाचं नाव लिहिताना हात अडखळतो. वडिलांचं नाव काढून तिथे आईचं नाव लावावं, आडनावही आईच्या माहेरचं घ्यावं, असं ठरवलं. आईला सांगितलं तर खूश होईल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, ‘असलं काही करू नकोस, लोक काय म्हणतील.’ चुलते म्हणतात, ‘बापाचं नाव काढलंस की गावच्या जमिनीवरचा हक्क गेला म्हणून समज.’ पुढच्या वर्षी लग्न करायचं आहे. होणाऱ्या बायकोची हरकत नाही, पण तिच्या घरचे विचारतात की पत्रिकेत काय छापायचं. माझं चुकतंय का? आणि करायचंच असेल तर नेमकं कसं करतात?

---

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, म्हणून त्याचं अर्धं उत्तर आधी देते. तुम्ही सज्ञान आहात. स्वतःचं नाव बदलायला तुम्हाला वडिलांची, आईची, चुलत्यांची, होणाऱ्या सासऱ्यांची, कुणाचीही परवानगी लागत नाही. कोर्टात जावं लागत नाही. प्रतिज्ञापत्र करायचं, राज्याच्या राजपत्रात, म्हणजे आपण ज्याला गॅझेट म्हणतो त्यात, नाव छापून आणायचं आणि ती प्रत दाखवून एकेक कागद बदलून घ्यायचा. आपण काय म्हणून ओळखले जावं हे ठरवणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 2021 च्या निकालात म्हटलंय. तो खटला सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरच्या नावांचा होता, पण त्यातलं हे तत्त्व तुम्हालाही लागू पडतं.

तेव्हा ‘चुकतंय का’ याचं कायद्याकडून उत्तर हवं असेल तर ते ‘नाही’ असं आहे. पण तुम्ही पत्र लिहिलंत ते कायद्यासाठी नाही, असं मला वाटतं. आई खूश झाली नाही, तिथे तुमचं अडलंय.

म्हणून मी आधी तुम्हालाच विचारते. तुम्हाला आईचं नाव लावायचं आहे, की वडिलांचं काढायचं आहे? अर्जात दोन्हींसाठी रकाना एकच असतो, त्यामुळे हा फरक कागदावर दिसत नाही. पण तुमच्या पत्रात आईच्या नावाबद्दल एक वाक्य आहे आणि ‘त्या माणसाच्या’ नावाबद्दल बरीच. हात अडखळतो तो त्याच्या नावापाशी. हा राग रास्तच आहे, तो सोडून द्या असं मी सांगणार नाही. एवढंच पाहा, की आईच्या नावाचा उपयोग वडिलांवर फेकून मारायला तर होत नाहीये ना? तसं असेल तर आईच्या ते लक्षात आलं असेल. बायकांना हे फार लवकर कळतं.

‘लोक काय म्हणतील’ हे तिचं कारण तुम्ही जसंच्या तसं घेतलंत. घाबरली, लाजली, जुन्या वळणाची आहे, असं धरून चाललात. पण ज्या बाईने नवरा निघून गेल्यावर त्याच गावात खानावळ चालवली, तिला लोक काय म्हणतात याची सवय तुमच्यापेक्षा जास्त आहे. अठ्ठावीस वर्षांत ते सगळं म्हणून झालंय. मग आता ती का नको म्हणते? मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही विचारलेलं नाही. तुम्ही ठरवलंत आणि मग तिला सांगितलंत.

काही शक्यता मांडते. एक, तिचा घटस्फोट झालेला नाही. रेशनकार्डावर, बँकेत, मतदार यादीत ती आजही त्यांची बायको म्हणूनच आहे. मुलाने बापाचं नाव काढलं तर आपणही टाकलेल्या ठरतो का, आपल्या हक्काला काही बाध येतो का, ही भीती असू शकते. ती भीती निराधार आहे. तुमच्या नावाने तिच्या एकाही कागदाला धक्का लागत नाही. घटस्फोट होत नाही तोवर ती कायद्याने पत्नी आहे आणि पतीच्या पश्चात वारसही आहे. हे तिला कुणी कधी सांगितलंय का? तुम्ही सांगा. दोन, निवलेलं भांडण पुन्हा पेटू नये एवढंच तिला हवं असेल. आणि तीन, जी मला सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते : तुम्ही तिचं कुठलं नाव लावणार आहात?

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, की मामा तिला वेगळ्याच नावाने हाक मारतात, कागदावरचं नाव सासरी ठेवलेलं आहे. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची रीत कालपरवापर्यंत सर्रास होती, काही घरांत अजूनही आहे. म्हणजे तुमच्या आईचं कागदावरचं नाव त्याच घराने ठेवलेलं, त्याच माणसाने तांदळात लिहिलेलं. वडिलांची खूण पुसायची म्हणून तुम्ही जे नाव घ्यायला निघालात, तेही त्यांचंच देणं आहे. तिला ते नाव नको असेल. किंवा एवढ्या वर्षांनी ते तिचं स्वतःचं झालं असेल आणि माहेरचं परकं वाटत असेल. दोन्ही होऊ शकतं. ज्याचं उत्तर फक्त तिच्यापाशी आहे असा हा प्रश्न आहे, आणि मुलाने तो विचारला तर ती ‘लोक काय म्हणतील’च्या पलीकडचं काही बोलेल, असं मला वाटतं. तिचं उत्तर नकार असू शकतं हेही धरून चाला. नाव तुमचं आहे म्हणून निर्णय तुमचा, हे खरं. पण लावताय ते तिचं आहे.

आडनावाबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. आईच्या माहेरचं आडनाव म्हणजे तिच्या वडिलांचं आडनाव. हा तिढा आपल्या मातीत जुनाच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. पराक्रमी सातवाहन राजाची ही आई. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी, दोघंही आईच्या नावाने इतिहासात राहिले. पण ‘गौतमी’ आणि ‘वासिष्ठी’ ही त्या आयांची गोत्रावरून आलेली नावं आहेत, असं अभ्यासक सांगतात, आणि गोत्र बापाकडूनच यायचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजांनाही या फेऱ्यातून पुरतं सुटता आलं नाही, तर आपलं काय घेऊन बसलात! तुमच्या आईने सज्ञान झाल्यावर ते माहेरचं आडनाव फारसं वापरलेलंही नसेल. ते घेऊन तुम्ही आईच्या जवळ जाता की आजोबांच्या, याचा विचार करा. शिवाय व्यवहारातला सगळ्यात जास्त त्रास आडनाव बदलण्यात आहे. मधलं नाव बदललेला माणूस कारकुनाला ओळखू येतो. आडनावही बदललं की तो चष्मा वर करून बघतो.

आता चुलते. त्यांच्या बोलण्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण ही भीती घालून महाराष्ट्रात किती जणांना गप्प बसवलं जातं याची गणती नाही.

वडिलोपार्जित जमिनीतला हक्क तुम्हाला जन्माने मिळालेला आहे, नावाने नाही. तुम्हाला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे असं धरून सांगते : तो हक्क वाटणीने वेगळा होतो, विकला जातो, किंवा तुम्ही स्वतः हक्कसोडपत्र करून सोडता. गॅझेटमध्ये नाव छापल्याने तो जात नाही. गॅझेटच्या त्या भागात इंग्रजीतून एक टीप असते, तिचा अर्थ असा, की मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही, कारण तो संबंधित व्यक्तीच्या अर्जावरून, कागदपत्रं न पडताळता छापलेला आहे. म्हणजे तुम्ही स्वतःला काय म्हणवता याची ती जाहीर नोंद झाली. तुम्ही कुणाचे मुलगे याचा तो निवाडा नाही. ते ठरतं जन्मदाखल्यावरून, आईवडिलांच्या लग्नाच्या पुराव्यावरून, शाळेच्या दाखल्यावरून.

म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं : जन्मदाखल्याला हात लावू नका. त्यावर वडिलांचं नाव आहे ते असू द्या. तो तुमच्या रागाचा विषय नाही, तो तुमचा पुरावा आहे. त्याच्या दोन-चार प्रमाणित प्रती काढून ठेवा. आईवडिलांचं लग्न नोंदवलेलं नसेल तर पत्रिका, फोटो, जुनं रेशनकार्ड, जे असेल ते जपून ठेवा. उद्या वारस नोंदीची वेळ आली तर ग्राम महसूल अधिकारी (आपले तलाठीच, पदाचं नाव तेवढं बदललंय) हेच कागद मागतील, सोबत तुमचं गॅझेट जोडायचं, म्हणजे जुन्या आणि नव्या नावाचा माणूस एकच हे दिसतं. वडिलांनी स्वतः कमावलेलं जे असेल ते ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, तुम्ही त्यांचं नाव लावा अथवा न लावा. मृत्युपत्र न करता गेले, तर तुम्ही वारस आहातच.

आणि हो, चुलत्यांना तुमच्या हक्काची इतकी काळजी असेल, तर त्या जमिनीचा सातबारा एकदा काढून बघाच. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. जुने फेरफार, म्हणजे सातबारावरची नावं बदलल्याच्या नोंदी, त्याही काढा. कितीतरी घरांत थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अशी नोंद असते आणि काळाच्या ओघात ती अक्षरं गळून तो एकटाच मालक असल्यासारखा दिसू लागतो. सातबारा हा महसुली दस्तऐवज आहे, त्याने मालकी जन्माला येत नाही आणि मरतही नाही, पण तिथे काय चाललंय हे माहीत असलेलं बरं. मधल्या काळात ‘नाव कमी करायचा साधा कागद आहे’ म्हणून कुणी पुढे सरकवला, तर सही करू नका. तो साधा नसतो.

आता तुमच्यापुढे वाटा कुठल्या ते पाहू.

पहिली, कागदावर काहीच न बदलणं आणि व्यवहारात आईचं नाव लावणं. लग्नाच्या पत्रिकेत, दारावरच्या पाटीवर, फेसबुकवर, तुम्हाला हवं ते नाव लावा. पत्रिका हा कायदेशीर दस्तऐवज नाही, त्यामुळे सासरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर आजच मिळतं : चि. तुमचं नाव, श्रीमती आईचं नाव यांचे चिरंजीव. पुष्कळ जणांचं समाधान एवढ्यावर होतं. तुमचं होईल असं वाटत नाही, कारण तुमचा हात अर्जांवर अडखळतो.

दुसरी, दोन्ही नावं ठेवणं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायची, असा निर्णय राज्याने घेतला आहे. तुमचा जन्म त्याआधीचा असल्याने हे आपोआप होणार नाही, पण गॅझेट करून हाच क्रम घेता येईल. पुढे तुम्हाला मूल झालं तर त्याच्या नावात तुमच्या बायकोचं नाव तुमच्या आधी येईल, हेही आत्ताच लक्षात घ्या. या वाटेचा फायदा असा की आईला ‘काढलं’ असं वाटत नाही, चुलत्यांना बोलायला जागा उरत नाही. तोटा उघड आहे : ते नाव तुमच्याबरोबर जर्मनीपर्यंत येतं. आणि चार शब्दांचं नाव प्रत्येक फॉर्मच्या चौकटीत बसवताना जीव मेटाकुटीला येतो, हेही आहेच.

तिसरी, वडिलांच्या जागी आईचं नाव आणि आडनाव तसंच. मला विचाराल, तर आई राजी असेल आणि तुमचा प्रश्न ‘आईचं लावायचंय’ या बाजूला झुकत असेल, तर ही वाट निवडा. आडनावाने सातबारा, जातीचा दाखला, शाळेचा दाखला यांच्याशी धागा सहज जुळतो आणि रोज लिहायच्या नावात आई येते.

चौथी, तुम्ही ठरवलेली. तीही कायद्याने मोकळी आहे. मी मोडता घालत नाही, फक्त तिचे कष्ट तुमच्यासमोर ठेवते.

कुठलीही वाट घेतलीत तरी पुढचं काम सारखंच आहे. आधी प्रतिज्ञापत्र : ‘मी, खाली सही करणार... सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...’ या थाटाचं. नमुना कुठल्याही नोटरीकडे असतो, पण त्यात दोन वाक्यं आहेत ना ते स्वतः वाचून बघा. एक, जुनं नाव आणि नवं नाव ही एकाच व्यक्तीची आहेत. दोन, जुन्या नावाने असलेले माझे सगळे हक्क, देणी आणि जबाबदाऱ्या कायम राहतील. हे दुसरं वाक्य बऱ्याच नमुन्यांत नसतं. ते घाला. बँकेलाही बरं वाटतं आणि चुलत्यांच्या आक्षेपालाही परस्पर उत्तर मिळतं. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी टेबलापलीकडून स्टॅम्पपेपर मागितला जातो. वाद घालायचा की पैसे भरून मोकळं व्हायचं, हे त्या दिवशीच्या तुमच्या मूडवर.

राज्याचं गॅझेट शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय काढतं. अर्ज ऑनलाइन होतो. ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र, फोटो, सही अपलोड करायची आणि शुल्क भरायचं. मागासवर्गीयांना जातीच्या दाखल्यावर शुल्कात सवलत आहे. तहसील कचेरीबाहेर ‘गॅझेट करून देतो’ म्हणणारे भेटतील. तुम्ही कारखान्यातलं पॅनेल वाचणारे आहात, हा फॉर्म तुम्हाला अवघड नाही. अवघड आहे ते स्पेलिंग. अर्जात नाव मराठीत आणि इंग्रजीत असतं. आईच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तिच्या आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, लिहा. एक जास्तीचा ‘ए’ किंवा ‘डबल ई’ पुढे कितीही वर्षं छळू शकतो. छापून आलेल्या पानावर तुमच्यासारखी बरीच नावं ओळीने असतात, बहुतेक लग्नानंतर बदललेली. पान डाउनलोड केलंत की आधी स्वतःची ओळ सावकाश वाचा.

पासपोर्टच्या वेळी नावात मोठा बदल असेल तर वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींची मूळ कात्रणं मागतात. म्हणून गॅझेटच्या सुमारासच दोन छोट्या जाहिराती देऊन ठेवा, एक सध्या राहता त्या भागातल्या आणि एक गावाकडच्या दैनिकात. अख्खं पान जपा, नुसती चौकट कापू नका, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसायला हवी. गावाकडच्या जाहिरातीला आई घाबरत असेल तर तिला आधी कल्पना द्या. शेजारणीने पेपर आणून दाखवायच्या आत.

गॅझेट हातात आलं की पहिला मान आधारचा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा आधी एकदा बदलून झालं असेल तर जपून. गॅझेटसोबत जुन्या नावाचा फोटो असलेला पुरावा द्यावा लागतो, म्हणजे जुनी कार्डं लगेच परत करू नका किंवा फाडू नका. मग पॅन. क्रमांक तोच राहतो, नाव बदलतं. मग बँक, पीएफ, विमा, मतदार यादीसाठी फॉर्म 8, वाहन परवाना आणि तुमच्या धंद्यातला वायरमनचा परवाना असेल तर तोही. पीएफ राहून जातो आणि नोकरी सोडताना पैसे अडकतात, म्हणून कारखाना सोडायच्या आत तो उरकाच. आईच्या खात्यावर, तिच्या विम्यावर नॉमिनी म्हणून तुमचं जुनं नाव असणार, तेही बदलून घ्या. हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

दहावीच्या आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रांवर त्या वेळचंच नाव राहू द्या. ती तुम्ही जुन्या नावाने मिळवलीत, त्यात खोटं काही नाही. जिथे दाखवाल तिथे गॅझेटची प्रत जोडा. जातीचा दाखला आणि पडताळणी असेल तर तीही नावाने बदलत नाही. जात नावात नसते. असायला नको होती, असं म्हणू या.

आता जर्मनी. व्हिसाचा अर्ज एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने, असा घोळ अजिबात करू नका. अर्ज अजून दाखल झाला नसेल तर आधी नाव, मग नवा पासपोर्ट, मग व्हिसा. करारपत्रही कंपनीकडून नव्या नावाने घ्या. तुमची प्रमाणपत्रं जुन्या नावाची राहणार, म्हणून गॅझेट आणि प्रतिज्ञापत्राचं जर्मन भाषांतर अधिकृत अनुवादकाकडून करून सोबत ठेवा. आणि अर्ज आधीच मार्गी लागला असेल तर थांबा. जुन्या नावाने जा, नोकरीत स्थिर व्हा, सुट्टीत येऊन नाव बदला. तिकडे राहून वकिलातीमार्फतही करता येतं, पण इथली कात्रणं, इथलं प्रतिज्ञापत्र, सगळं लांबून जमवावं लागतं. वर्ष-दीड वर्ष आणखी तेच नाव लिहावं लागेल, ते जड जाईल हे कळतं मला. पण त्या नावापायी तुमची नोकरी जावी, इतकी किंमत त्या नावाला देऊ नका.

पासपोर्टच्या अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो. डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र खात्याने नियम सैल केले, तेव्हापासून आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. म्हणजे तुमचा हात ज्या रकान्यापाशी अडखळतो, त्यातला एक मोठा रकाना नाव न बदलताही मोकळा ठेवता येईल. हे माहीत असतं तर तुम्ही गॅझेटपर्यंत पोचला असता का, हेही स्वतःला विचारून बघा. पोचला असता, असं उत्तर आलं तर बेलाशक पुढे व्हा.

लग्नाचं म्हणाल तर नोंदणीच्या आधी नाव बदलून घ्या, म्हणजे विवाह प्रमाणपत्र नव्या नावानेच निघेल. नाही जमलं तर जुन्या नावाने नोंदणी करा आणि गॅझेट जोडा, त्यात अपशकुन काही नाही. आणि बायकोला तिचं नाव बदलायला कुणी भाग पाडू नये, एवढं मात्र बघा. लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावलंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही.

याच विषयावर इतरही पत्रं साचली आहेत, त्यांचं इथेच सांगून टाकते. घटस्फोटानंतर माहेरच्या नावावर परतणाऱ्या बायकांनी कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आधी काढावी, बऱ्याच ठिकाणी तीच पुरते. लग्नानंतर नाव कधी बदललंच नाही अशांनी परत बदलायचा प्रश्नच येत नाही, मग बँकेतला माणूस काहीही म्हणो. आणि ज्यांच्या दाखल्यावर ‘दिपक’ आणि आधारवर ‘दीपक’ आहे, त्यांनी गॅझेटच्या फंदात पडण्याआधी चुकीचा कागद कुठला ते ठरवावं. एका वेलांटीची चूक ज्या कचेरीने केली, तिथेच साध्या अर्जाने ती दुरुस्त होते का ते आधी पाहावं. दाखल्यात चूक असेल तर शाळेत, आधारवर असेल तर आधार केंद्रात. जन्मदाखल्यातली लेखनाची चूक जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याखाली निबंधकच दुरुस्त करू शकतात, त्यासाठी महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करावा आणि पोच घ्यायला विसरू नये.